मिरीची थरथर

"हे कुत्रं आहे की उंदीर?" भाजीच्या पिशवीत डोकावून विश्वासने विचारलं.

पिशवीतून दोन उभे कान आणि दोन काळेभोर डोळे बाहेर बघत होते. बाकीची सगळी ती एका गुलाबी लोकरी स्वेटरात होती. बँकेतून घरी येताना मी तिला पिशवीसकट स्कूटरच्या हुकाला अडकवून आणलं होतं आणि कराडच्या भर बाजारपेठेतून येईपर्यंत तिने हूं की चूं केलं नव्हतं.

आमच्या शाखेतल्या ढवळे मॅडमची बदली शिलाँगला झाली होती. कुत्री कुणाला द्यायची म्हणून त्या रडकुंडीला आल्या होत्या. "टॉय टेरियर आहे गं, वैजयंता. नावातच टॉय. खेळण्यासारखी एका कोपऱ्यात पडून राहील. तुझ्या सासूबाईंना सोबत होईल," असं म्हणून त्यांनी कुत्री, तिची मऊ गादी आणि तीन स्वेटर माझ्या हवाली केले. नाव प्रिन्सेस. आमच्या घरात हे नाव कुणाच्या जिभेवर बसणार, असं मी मनात म्हटलंच होतं.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आक्कांना, सोबत हवी होती हे खरं. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्या गिरणीत पडल्या होत्या. आमचं घर म्हणजे पुढे रस्त्याला लागून पिठाची गिरणी, मागे राहायच्या खोल्या आणि मध्ये एक दार. सासरे गेल्यावर विश्वासला पदराआड घेऊन आक्कांनी ती गिरणी चालवली. अंगापिंडाने एवढीशी बाई, पण ज्वारीचा भरला डबा उचलून ओट्यावर चढायची आणि गिरणीच्या वरच्या पेटीत ओतायची. त्या दिवशी ओट्यावर चढताना पायावरून उंदीर गेला, तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चालवा. चालायला चौकटीसारखा वॉकरही दिला.

तो वॉकर कपाटामागे उभा होता आणि त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालत होते. कारण विश्वासने आईला चालू दिलंच नाही. मुळात माणूस हळवा, त्यात आई त्याच्या डोळ्यांदेखत पडलेली. आईचा पाय जमिनीला लागला की याचा जीव वर-खाली व्हायचा. पाण्याचा पेलासुद्धा तिच्या ओठाला लावायचा. मधल्या दाराला त्याने कडी घातली ती घातलीच. गिरणी हणमंताच्या हाती सोपवली. हणमंत माणूस गुणी, पण आक्कांच्या धाकाशिवाय त्याला काम करायची सवय नव्हती. उंदीर माजले, पिठात कधी खडा तर कधी भलतंच काही सापडू लागलं आणि बायका पुढच्या चौकातल्या नव्या गिरणीत जाऊ लागल्या. शेवटी विश्वासने ठरवून टाकलं, दसऱ्याला गिरणी बंद करायची. ती जागा एका मोबाइलच्या दुकानवाल्याने मागितलीच होती. शब्द देऊन झाला होता.

आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला ते फार लागलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सगळे पाहुणे म्हणत होते, गिरणी आहे, घर आहे, सुनेला नोकरी कशाला. तेव्हा आक्काच उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "ती बँकेत जाणार. ज्याला चालत न्हाई त्यानं आमच्याकडं जेवाय येऊ नगा." त्या बाईला असं भिंतीकडे तोंड करून पडलेली बघणं मला सोसत नव्हतं. कुत्री आणली ती त्यापायीच.

आक्कांनी पिशवीतल्या प्राण्याकडे नजर टाकली. काळी कुळकुळीत पाठ, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके, तांबूस पंजे आणि दोरीसारखी बारीक शेपटी.

"मिऱ्याचा दाणा हाय की गं," त्या म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्या आपणहून काही बोलल्या होत्या. प्रिन्सेसची मिरी झाली ती तिथेच.

दुसऱ्या दिवशी हणमंताने हौसेने तिला गिरणीत नेऊन काट्यावर ठेवलं. तीन किलोसुद्धा भरली नाही. पण काट्यावर ठेवताक्षणी ती थरथरू लागली. डोक्यापासून शेपटीपर्यंत, बारीक, सलग. हणमंत घाबरून तिला परत घेऊन आला. "वैनी, हिला थंडी वाजतीया. मरंल बिरंल," म्हणाला आणि हात झटकून मोकळा झाला.

तिथून आमच्या घरात दोन आजारी झाल्या.

भाद्रपदातली ओलसर हवा होती, त्यामुळे थंडीचं कुणालाही पटलं असतं. विश्वासने गुलाबीवर निळा स्वेटर चढवला. ती कुठे आहे हे कळावं म्हणून गळपट्ट्याला घुंगरू बांधलं. मी एकाच पातेल्यात मऊ भात शिजवू लागले. एक वाटी मेतकूट-तूप घालून आक्कांना, एक वाटी दूध घालून मिरीला. दोघीही अर्धा टाकायच्या. जनावरांच्या दवाखान्यात नेलं तर तिथले डॉक्टर भले होते. तिला टेबलावर ठेवून बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे म्हशी येतात. हे मी पहिल्यांदाच बघतोय. उबेत ठेवा." आम्ही अजून उबेत ठेवलं. शेजारच्या सुभद्रा मावशींनी मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्याने मिरी शिंकून शिंकून बेजार झाली आणि शिंका थांबल्यावर पुन्हा मधल्या दाराशी जाऊन थरथरत उभी राहिली.

कुठूनही उचलून आणा, थोड्या वेळाने ती मधल्या दाराशीच असायची. नाक दाराखालच्या फटीशी, एक पुढचा पाय अधांतरी. मी उचलायला गेले तर एकदा चावलीसुद्धा. टोचलं फार नाही, पण माझा संताप झाला. एवढं करायचं आणि वर चावून घ्यायचं. विश्वास म्हणाला, हिला इथली हवा मानवत नाही, दसऱ्यानंतर पुण्याच्या कुणातरी हौशी माणसाला देऊन टाकू. म्हणजे दसऱ्याला घरातून दोन गोष्टी जाणार होत्या.

या सगळ्यात आक्का पलंगावरून मिरीकडे बघत असायच्या. दुसरं काम काय होतं त्यांना? मिरी दिवसातून एकदा त्यांच्या पलंगावर चढून पायाशी बसायची. दोघी एकमेकींशी लाडाने वागायच्या असंही नाही. आक्का तिला कुरवाळत नसत आणि ती त्यांचे हात चाटत नसे. पण पलीकडे गिरणी सुरू झाली की दोघींच्या माना एकदम तिकडे वळायच्या. गिरणीचा आवाज ऐकताना आक्कांची बोटं चादरीवर हलायची, तीही थरथर कापत. ते बघून विश्वास त्यांच्या अंगावर आणखी एक शाल घालायचा.

घटस्थापना दोन-तीन दिवसांवर आली. दरवर्षी नवरात्राच्या आधी आमची गिरणी एक दिवस बंद असायची. आक्का सगळी गिरणी धुऊन घ्यायच्या, दगड उघडून त्यांना टाकी लावायच्या, म्हणजे छिन्नी-हातोडीने गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरबरीत करायच्या. मग पहिलं दळण गुरांसाठी काढायच्या, कारण त्यात दगडाची कच येते. आणि त्यानंतर घटस्थापनेला सकाळी फक्त उपवासाचं, राजगिरा आणि वरी. उपवासाच्या पिठाला दुसऱ्या धान्याचा कण लागणार नाही, ही आक्कांची ख्याती होती. पार विद्यानगरहून बायका डबे घेऊन यायच्या. यंदा एकीनेही विचारलं नव्हतं.

त्या दुपारी मला बँकेला सुट्टी होती. विश्वास मोबाइलवाल्याकडे गेला होता आणि हणमंत गिरणी थांबवून जेवायला घरी. मी आक्कांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. मिरी दाराशी. तिची थरथर इतकी वाढली की घुंगरू एकसारखं वाजायला लागलं. मी तिसरा स्वेटर घेऊन उठले.

"बस खाली," आक्का म्हणाल्या.

"अहो, किती कापतेय बघा."

"तिला थंडी न्हाई वाजत."

"मग काय होतंय?"

"थंडी वाजणारं जनावर अंग चोरतं. शेपूट पोटात घेतं, कोपरा धरतं. हिची शेपूट बघ की, कशी ताठ हाय. पाय बघ. इतके दिवस बघतीया मी. ती कापतीया, पण मागं सरत न्हाई, म्होरं सरकतीया." आक्का कोपरावर उठून बसल्या होत्या. "वैजे, दार उघड."

मी म्हटलं, विश्वासला आवडणार नाही. खरं सांगायचं तर विश्वासपेक्षा मला पलीकडच्या उंदरांची भीती होती. झुरळ, पाल, साप, काहीही चालेल, पण उंदीर दिसला की माझ्या हातापायांतलं बळ जातं. आक्कांना हे माहीत होतं.

"आधी तिचे कपडे काढ," त्या म्हणाल्या, "आणि मग उघड."

त्यांच्या आवाजात मी तो जुना उंबऱ्यातला आवाज ऐकला. निळा स्वेटर काढला, गुलाबी काढला. आत कुत्री किती सडसडीत होती हे मी पहिल्यांदाच बघितलं, सगळं अंग कसं दोरी पिळल्यासारखं घट्ट. मी कडी काढली.

दार पुरतं उघडलंही नव्हतं तोवर ती पलीकडे होती. थरथर कुठल्या कुठे गेली. पोत्यांच्या थप्पीशी क्षणभर थांबली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान केली आणि थप्पीच्या मागे घुसली. एक चित्कार आला. मागोमाग ती बाहेर आली ती तोंडात जवळजवळ तिच्या निम्म्या आकाराचा उंदीर घेऊन. मान एकदाच झटकली, उंदीर खाली टाकला आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता दुसऱ्यामागे गेली. मी स्टुलावर उभी राहून किंचाळत होते. ते किंचाळणं बहुधा चौकापर्यंत गेलं असावं.

"किती?" आतून आक्कांनी विचारलं.

"दोन! नाही, तीन!"

"गप उभी ऱ्हा. तिला काम करू दे."

मग मिरी दळणाच्या ओट्याकडे वळली. लाकडी फळ्यांचा तो ओटा, ज्याच्यावरून आक्का पडल्या होत्या. कोपऱ्यातल्या एका फटीतून, जिथून माझी मूठ गेली नसती, ती सरसर आत शिरली. आत धडपड झाली, चीं चीं झाली, घुंगरू जोरात वाजलं. आणि एकदम सगळं शांत झालं.

मी हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. फळीखालून एक दबका, घुसमटल्यासारखा आवाज आला.

"आक्का, अडकली ती. घुंगरू कुठेतरी अडकलंय. गळा आवळतोय तिचा."

"डावीकडची फळी सुटी हाय. उचल."

मी स्टुलावरून उतरले. कशी उतरले मला माहीत नाही. फळीला हात लावला, तर खालून काहीतरी मऊ, केसाळ माझ्या बोटांवरून गेलं आणि मी पुन्हा स्टुलावर होते. "मला नाही जमत, आक्का," मी रडत म्हटलं. "कुणाला तरी बोलावते." पण रस्ता दुपारचा ओस होता आणि फळीखालचा आवाज बारीक होत चालला होता.

तेव्हा मागे काहीतरी घसटल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं. दारात आक्का होत्या.

दोन्ही हातांनी वॉकर धरलेला. वॉकरवर माझे दोन टॉवेल तसेच लोंबत होते. पदर खांद्यावरून घसरलेला, ओठ दाताखाली आणि पाय नुसते लटपट कापत होते. त्या एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, वॉकर पुढे ढकलायच्या.

"आक्का, खाली बसा आधी. पाय बघा कसे थरथरतायत."

"थरथरू देत," त्या म्हणाल्या. "मागं तर सरत न्हाईत ना?"

भिंतीवरच्या खिळ्याला टाकी लावायची लोखंडी छिन्नी टांगलेली होती. न बघताच त्यांचा हात तिच्याकडे गेला. ओट्याशी येऊन त्यांनी एका हाताने वॉकर धरला, वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानेच छिन्नीचं टोक फळीच्या फटीत घातलं आणि अंगाचा होता नव्हता तो भार टाकला. फळी कुरकुरत वर आली.

"मी धरलीया. आता हात घाल."

मी डोळे मिटले आणि हात घातला. आत मऊ, केसाळ, हलणारं काय काय होतं ते मला आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की बोटांना घुंगरू लागलं, ते खिळ्यात पक्कं अडकलेलं होतं आणि गळपट्ट्याचं बकल उघडत नव्हतं. आक्कांचे हात फळीसकट थरथरत होते, पण फळी खाली आली नाही. बकल सुटलं. मिरी बाहेर आली. धापा टाकल्या, दोनदा शिंकली, आणि मी तिला पोटाशी धरायच्या आत हातातून निसटून त्याच बिळात पुन्हा उडी मारली.

"बिनगळपट्ट्याची गेली ते बरं झालं," आक्का म्हणाल्या आणि हसल्या. मी स्टूल ओढून त्यांच्या मागे लावलं. त्या बसल्या.

मिरीने ओट्याखालचं सगळं घर रिकामं केलं. तोवर आक्कांनी हात लांब करून गिरणीचं झाकण सरकवलं होतं आणि दगडावरून बोटं फिरवत होत्या. "गुळगुळीत," त्या म्हणाल्या. "हणमंतानं टाकीच लावली न्हाई. पीठ जळतंय त्यात. म्हणून आवाज असा येत हुता."

हणमंत जेवून आला तो दारातच थबकला. त्याच्या मागोमाग विश्वास. जमिनीवर पडलेल्या उंदरांची रांग, उखडलेली फळी, धुळीने माखलेली मी, आणि छिन्नी मांडीवर घेऊन बसलेली त्याची आई. तो धावत आला आणि आईला उचलायला खाली वाकला.

"हात लावू नगंस, विशा."

"आई, तुझे पाय कापतायत."

"बघितलं मी."

"पुन्हा पडलीस तर?" लहान मुलासारखा तो तिच्या गुडघ्याशी बसला. "मी बघितलंय तुला पडताना. मला पुन्हा नाही बघता यायचं."

आक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पिठाचा पांढरा पंजा त्याच्या केसांवर उमटला. त्या वेळी मला दोघांचीही दया आली आणि दोघांवरही माया दाटून आली.

"पडंन किंवा न पडंन," त्या म्हणाल्या. "त्या कुत्रीला तू मायेनंच स्वेटर घातलेस. पण तिला थंडी न्हवती, बाळा. एवढंच सांगती."

विश्वासने मिरीकडे बघितलं. ती ओट्यावर बसून पंजे चाटत होती, स्वस्थ, एक रोमही न हलवता. मग उठला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि हणमंताला म्हणाला, "पाण्याच्या बादल्या आण. गिरणी धुवायची आहे."

दोन दिवस आम्ही सगळे तेच करत होतो. दगड हणमंत आणि विश्वासने उघडले. टाकी आक्कांनी स्टुलावर बसून सांगितली, आणि शेवटचा हात स्वतः मारला. पहिलं दळण सुभद्रा मावशींच्या म्हशीला गेलं. ढवळे मॅडमना मी शिलाँगला फोन लावला तेव्हा त्या पलीकडून म्हणाल्या, "अगं हो, मुळात ही उंदीर मारणारीच जात. आमच्या फ्लॅटमध्ये कुठले आलेत उंदीर? मी विसरूनच गेले होते." त्यांना वाईट वाटू नये म्हणून स्वेटरांचं काय झालं ते मी सांगितलं नाही. त्या स्वेटरांनी आम्ही गिरणीचा पट्टा पुसला होता.

घटस्थापनेला उजाडता उजाडता आक्का स्वतःच्या पायांनी, वॉकर पुढे सारत, गिरणीत येऊन बसल्या. नऊवारी नेसलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. सासरे गेल्यावरही त्यांनी ते कधी पुसलं नव्हतं आणि कुणाची विचारायची छाती झाली नव्हती. बातमी गावात कशी पसरते कोण जाणे, बहुतेक सुभद्रा मावशींच्या कृपेने, पण पाच-सहा बायका डबे घेऊन पायरीवर उभ्या होत्या. पहिल्या बाईने राजगिऱ्याचा डबा पुढे केला. आक्कांनी तो घेतला, आणि त्यांचे हात कापू लागले.

"आक्का, थंडी वाजतीया का वं?" ती बाई म्हणाली.

विश्वास आत गेला. मला वाटलं, झालं, गेला पुन्हा जुन्या वाटेला. तो शाल घेऊनच बाहेर आला. आक्कांपाशी आला, क्षणभर थांबला. मग त्याने ती शाल नीट चौघडी केली, आईला हाताने जरा पुढे सरकायला सांगितलं आणि लाकडी स्टूल टोचू नये म्हणून तिच्याखाली घातली.

"चालू करू?" त्याने विचारलं.

"कर की. बाया खोळंबल्यात."

त्याने बटण दाबलं. पट्टा फिरला, दगड घरघरले आणि हळूहळू सगळी गिरणी थरथरायला लागली. ओटा, डबे, काट्याची पारडी, माझ्या पायाखालची फरशी, आक्कांच्या मांडीवरचे हात, सगळंच. कोणाचं काय कापतंय ते ओळखू येईना. पिठाचा पहिला गरम लोंढा खाली आला. आक्कांनी चिमूट घेतली, अंगठ्याने बोटावर चोळून बघितली आणि त्या बाईकडे बघून मान हलवली.

मिरी पोत्यांच्या थप्पीवर चढून बसली होती. कान उभे, एक पाय अधांतरी. ती पुन्हा थरथरत होती. या वेळी तिच्याकडे कुणी स्वेटर घेऊन धावलं नाही.

विश्वासने दिलेला शब्द परत घेतला आणि मोबाइलचं दुकान पुढच्या चौकात निघालं. आता गिरणी विश्वास बघतो, आणि कुणी लांबून डबा घेऊन आलं की पिठाची चिमूट घेऊन, आक्कांसारखाच अंगठ्याने चोळून बघतो.